दूरच्या माणसाचा घास

रातकिडे पाळून पोट भरतो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच? खरंच. लांबलचक शेड आहे, आत कायमचा उन्हाळा कोंडून ठेवलेला. मांडणीवर प्लास्टिकचे क्रेट, क्रेटमध्ये अंड्यांचे पुठ्ठे उभे लावलेले आणि पुठ्ठ्यांच्या खाचाखाचांत रातकिडे. त्यांना कोंडा घालायचा, ओला स्पंज ठेवायचा, मेलेले वेचून काढायचे आणि मोठे झाले की थंड खोलीत नेऊन निजवायचे. तिथे निजलेले परत उठत नाहीत. मग उकळायचे, वाळवायचे, भाजायचे आणि पाकिटात भरायचे. डिप्लोमा केलेला माणूस परदेशात जाऊन किडे भाजतो, यावर माझ्या मेव्हण्याने भरपूर तोंडसुख घेतलं आहे. मी त्याला उलट उत्तर दिलं नाही. आधीच्या नोकरीत साहेब रोज अंगावर यायचा, इथे कुणी येत नाही, हे त्याला कुठे समजावत बसू.

शेडमधलं माझं खरं काम कानाचं आहे. किर्र आवाज भरून असला की समजायचं, क्रेट ठणठणीत आहेत. आत पाऊल टाकलं की जवळचे किडे गप्प होतात, लांबचे चालू राहतात. तुम्ही पुढे गेलात की मागचे परत सुरू होतात आणि पुढचे गप्प. म्हणजे शांततेचा एक तुकडा दिवसभर तुमच्या पायाशी चालत राहतो. आपण जिथे नाही तिथेच सगळं चाललेलं असतं, असं वाटायला लागतं. पहिल्या दिवसांत मला ते अजिबात आवडायचं नाही. मग सवय झाली.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसते, लोकांच्या पँटी आखूड करते आणि संध्याकाळी माझ्यावर डाफरते. आणि आमची ठमी. शाळेत तिचं नाव वेगळं आहे, पण घरात ती ठमीच. आपल्याकडे असताना ही पोरगी इतकं बोलायची की शेजारचे दार लावून घ्यायचे. इथे आलो आणि तिचं बोलणं आटलं. मग खाणं आटलं. रडारड नाही, हट्ट नाही. घास तोंडात धरून बसायची, आणि आपण पाठ वळवली की तो ताटात परत. भात झाला, पोळी झाली, बाहेरचं आणून झालं, मी दोन वेळा ओरडलो, बायकोचे नवस बोलून झाले. तिच्या पाठीची हाडं अंघोळ घालताना हाताला लागायला लागली. डॉक्टरीणबाई आधी गोड बोलायच्या. मग एकदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. बायको जिन्यात बसून रडली. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

त्याच आठवड्यात मी फुटक्या मालाचं पाकीट घरी आणलं. पाय तुटलेले, पंख गेलेले किडे गिऱ्हाइकाला देत नाहीत, ते कामगारांनी न्यायचे अशी आमच्याकडे पद्धत आहे. तोवर मी ते घरात आणायची हिंमत केली नव्हती. रविवारची दुपार होती. बायकोने पाकिटात डोकावून बघितलं आणि चार पावलं मागे गेली.

"हे माझ्या कढईत पडणार नाही."

"जवळा पडतो तेव्हा चालतं? हा त्याचा चुलत भाऊच."

"जवळा पाण्यातला. हा मोरीतला."

"मोरीतला नाही गं, माझ्या शेडमधला. तुझ्यापेक्षा स्वच्छ जागेत वाढलाय."

यावर जे व्हायचं ते झालं. पण भांडून झाल्यावर तिनेच लसूण ठेचला, तेल तापवलं, तिखट-मीठ घालून परतले. खमंग वास सुटला. मी एक खाल्ला. कुरकुरीत, थोडासा शेंगदाण्यासारखा. तिने डोळे मिटून, नाक धरून एक खाल्ला आणि मग गुपचूप दुसरा उचलला, तो मी बघितला नाही असं दाखवलं. ठमी खुर्चीत बसून आमचा तमाशा बघत होती. कितीतरी दिवसांनी ती काहीतरी बघत होती.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. बाकीच्यांच्या घरी मुलांना भरवताना चिऊचा घास, काऊचा घास असं करतात. आमच्याकडे दूरच्या माणसाचा घास असतो. घरातलं कुणी गावाला गेलेलं असलं, नोकरीला बाहेर असलं, तर त्याच्या नावाने एक घास लहान पोराला भरवायचा. माझी आई म्हणायची, म्हणजे तो तिकडे उपाशी राहत नाही. वडील फिरतीवर असायचे, त्यांच्या नावाचे इतके घास मी खाल्लेत की त्यांचं पोट माझ्यामुळेच सुटलं होतं.

त्या दुपारी मी एक किडा उचलला. त्याच्या मिश्या शाबूत होत्या, लांबलचक.

"ठमे, हा बघ कोण? मिश्या बघ. अगदी मामा! हा घास मामाचा."

बायको म्हणाली, "माझ्याच भावाला कर किडा."

ठमी हसली. तिने तोंड उघडलं. मी किडा आत ठेवला आणि श्वास रोखून उभा राहिलो. तिने चावला, गिळला आणि परत तोंड उघडलं. मी म्हणालो, हा आत्याचा. तोही गेला. परत मामाचा, परत आत्याचा. ताटली रिकामी झाली. आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघतही नव्हतो. दृष्ट लागेल अशी भीती वाटत होती.

त्यानंतर रोज तेच. नाव घेतलं की खायची, नाव घेतलं नाही तर किडाही नको. त्या किड्यांपाठोपाठ थोडा भात जायचा, दूध जायचं. गालावर रंग आला. डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे बघून विचारलं, काय देता हो हिला? मी म्हणालो, प्रोटीन.

मग एकदा बाथरूममधून शीळ ऐकू आली. माझ्या मेव्हण्याची एक शीळ आहे. इमारतीखाली उभं राहून तो ती मारतो, म्हणजे वरून कुणीतरी किल्ली टाकायची. आधी वर चढत जाणारी आणि शेवटी मोडणारी. जगात दुसऱ्या कुणाला ती जमत नाही. मी दार ढकललं. ठमी दात घासत होती. तोंडात ब्रश असताना शीळ वाजत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"तू शिकवलीस तिला?" बायकोने विचारलं.

"मला येते कुठे? माझी नुसती थुंकी उडते."

"मग दादानेच शिकवली असेल, फोनवर."

त्या संध्याकाळी तिने कौतुकाने भावाला फोन लावला. तो पलीकडे नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, "अगं, माझी शीळच गेली. तोंडातून नुसती हवा येते. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, तो म्हणतो दात ठीक आहेत." मग म्हणाला, "हसू नका. खालून हाक मारायला लागते आता, लाज वाटते."

आम्ही हसलो. खरं तर मी जरा जास्तच हसलो.

आत्याचं म्हणजे माझ्या बहिणीचं हसणं घराण्यात प्रसिद्ध आहे. हसता हसता तिचा श्वास अडकतो आणि शेवटी उचकी येते. ती उचकी आली की ऐकणारा हसतो, मग ती पुन्हा हसते, असं ते चालतं. एका दुपारी ठमीच्या खोलीतून ते हसणं आलं. पूर्ण, उचकीसकट. मी हातातलं काम टाकून फोन लावला. बहीण शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होती. सांगून झाल्यावर गप्प बसली.

"हसली नाहीस," मी म्हणालो.

"येतं रे हसायला," ती म्हणाली. "आतून येतं, पण बाहेर निघतच नाही. वय झालं बहुतेक."

ती माझ्याहून धाकटी आहे. मी फोन ठेवला आणि तिच्या नावाने किती घास भरवले ते आठवत बसलो.

तरी मी थांबलो नाही. थांबून करणार काय? पोर खात होती. शीळ गेली म्हणून माणूस मरत नाही, हसू अडकलं म्हणून कुणी मरत नाही. पण नळी घातलेली पोर मी बघू शकलो नसतो. आणि त्या सुमारास ठमी आजीचा घास मागायला लागली होती. रोज आजीचा. मामा नको, आत्या नको. मी द्यायचो.

आजी म्हणजे माझी आई. तिकडे बहिणीजवळ राहते. आईची एक सवय आहे, ती हातातलं काम बोलून करते. आता दूध झालं, आता दिवा झाला, आता ही कोथिंबीर निवडायची, आता गॅस बंद. आमचं बालपण ते ऐकत गेलं. भिंतीपलीकडे ती पुटपुट चालू असली की आम्ही निर्धास्त झोपायचो.

एकदा शेडमधून लवकर सुटलो. उजेड होता. जिना चढत होतो, तर वरून आवाज येत होते. आमच्याच घरातून. शीळ, ती वर चढून मोडणारी. मग हसणं आणि उचकी. आणि त्या सगळ्याच्या खालून, अगदी शांतपणे, आईची पुटपुट. आता दूध झालं. आता दिवा झाला. मी जिन्यात उभाच राहिलो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. आपली माणसं घरी आली आहेत, चहा टाकायला हवा, असं मनात येऊन गेलं. मग मी एक पायरी चढलो आणि शीळ थांबली. आणखी चढलो आणि हसणं थांबलं. दाराशी पोचलो तेव्हा पुटपुटही थांबली. मी किल्ली फिरवली. बायको अजून दुकानात होती. ठमी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, हात मांडीवर, माझ्याकडे बघत. तिचे ओठ मिटलेले होते.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही."

मी कपडे बदलायला आत गेलो आणि दार लोटलं. पलीकडे सगळं परत सुरू झालं. मी परत दाराकडे गेलो. गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बहिणीचा फोन आला, ती रडत होती. आईचा आवाज गेला आहे. घशाच्या डॉक्टरला दाखवलं, घशात काही नाही. कान लावला तर थोडं कुजबुजल्यासारखं बोलते, तेवढंच. "आणि दादा, तिचं बोलणं थांबलं तसे हातही थांबले रे. चहाचं आधण ठेवते आणि उभीच राहते. पुढे काय करायचं ते कळतच नाही तिला. घास हातात धरून बसते. भरवला तर तोंडात धरून बसते."

मी पाकीट उचललं, खाली गेलो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. बायकोने अडवलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं.

ठमीने त्याच दुपारपासून तोंड मिटलं. भात नाही, दूध नाही, पाणीसुद्धा बळेबळे. हट्ट नव्हताच. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती वाट बघत होती. भरलेले गाल परत बसायला लागले. डॉक्टरीणबाईंनी यावेळी चष्मा काढला नाही, सरळ दवाखान्यात आणायचा दिवस सांगितला.

बायको म्हणाली, "नवीन पाकीट आण."

"तिकडे आई आहे माझी."

"माहीत आहे. मला काय त्या परक्या आहेत? बाळंतपण त्यांनी केलंय माझं." ती ओरडत नव्हती, त्यामुळे जास्त लागत होतं. "पण ही आपली मुलगी आहे. तू ठरव."

मी नवीन पाकीट आणलं. पण मनाशी एक ठरवून आणलं. परतून, ताटलीत घेऊन ठमीसमोर बसलो आणि म्हणालो, "हा घास बाबाचा." माझं जे काय जाईल ते जाऊ दे. आवाज जाऊ दे, हातपाय जाऊ देत.

तिने मान हलवली.

"मग आईचा," बायको मागून म्हणाली.

"नको," ठमी म्हणाली. आपला तोच लहान, कोरडा आवाज. "तुम्ही तर इथेच आहात. आजीचा दे." आणि मग माझी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "थोडीशीच राहिलीय बाबा ती तिकडे. बाकीची आलीय."

बायकोने माझ्या हातातली ताटली काढून घेतली.

मी आईला फोन लावला. बहिणीने तो तिच्या कानाशी धरला. समोर दिसत नव्हती ती, हे बरंच झालं. मी सगळं सांगितलं. शेडपासून ते जिन्यापर्यंत, मध्ये मध्ये वेड्यासारखा हसत. पलीकडून आधी नुसता श्वास आला. मग कुजबुज आली, इतकी बारीक की मी दुसरा कान बोटाने बंद केला.

"उलटं केलंस की रे," आई म्हणाली. "दूर गेलेल्याच्या नावाने घरच्यांनी घ्यायचा असतो घास. गेलेल्याने घरच्यांची नावं घ्यायची नसतात. आपल्यात कुणी घेतली नाहीत कधी. आणि तेही भाताला नाही, आख्ख्या जिवाला नाव दिलंस."

"मला माहीत नव्हतं गं."

"मीच सांगितलं नाही." परत श्वास. "पोर जेवतेय का?"

"तुझं नाव घेतलं तर जेवते."

"मग भरव की. विचारतोस काय मला."

मला रडू फुटलं. मोठा बाप्या, रातकिड्यांसमोर दिवस काढणारा, लहान पोरासारखा रडलो. ती आणखी काही बोलेल म्हणून फोन घट्ट धरून राहिलो. पलीकडे बहीण आई, आई करत होती. मग तीही बोलायची थांबली आणि फोन बंद झाला.

मी ठमीसमोर जाऊन बसलो. खिडकीतून उन्हाचा पट्टा जमिनीवर आला होता, ती त्याच्या कडेला बसली होती. मी एक किडा उचलला.

"हा घास आजीचा."

तिने तोंड उघडलं, चावला, गिळला. मग ताटली स्वतःच ओढून घेतली आणि एकेक करून खाऊ लागली. प्रत्येक वेळी मी नाव घेत होतो. माझं घ्यायचं राहिलं तर ती थांबून बघायची. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खाता खाता ठमीच्या गालांवर रंग चढताना आम्हाला दिसत होता. शेवटचा एक उरला तेव्हा तिचा हात थांबला. पाठ ताठ असायची तिची, ती जरा वाकली. तिने मांडीवरचा फ्रॉक नीट केला, पदर सारखा करावा तसा.

"आता हे झालं," ती म्हणाली.

तो आवाज ठमीचा नव्हता. पुटपुटही नव्हती ती. माझ्या आईचा आवाज होता, पूर्ण, भरलेला, अंगणातून हाक मारावी इतका धडधाकट.

फोन वाजायला लागला. पडद्यावर बहिणीचं नाव होतं. बायकोने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात पाठीमागे घेतले. फोन वाजत राहिला.

"किती वाळलास रे," आई म्हणाली. "परक्या मुलखात कोण बघणार तुझ्याकडे. ये, बस असा." आणि देवाशपथ सांगतो, मी सरकून जवळ बसलो. तिचा छोटासा हात माझ्या गालावरून फिरला. बोटं लहान पोराची, मऊ होती, पण फिरवायची रीत आईची होती, बोटांची पाठ लावून. माझे डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

तिने ताटलीतला उरलेला किडा उचलला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"घे. आ कर," ती म्हणाली. "हा घास ठमीचा."

माझे डोळे खाडकन उघडले. समोर ठमीचा चेहरा होता, ठमीचे भरलेले गाल, आणि त्यातून आई माझ्याकडे मायेने बघत होती. आमच्या घरात दूर गेलेल्या माणसाचंच नाव घेतात. ठमी कुठे गेली, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि आईने घास आत घातला.